कथालेखनाचा सराव आणि कथाखेळ : नियमांची चौकट व अर्थाची मोकळीक

प्रस्तावना

मराठी माध्यमाच्या शाळेतून गेलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी एक कथाखेळ नकळत खेळलेला असतो. भाषेच्या प्रश्नपत्रिकेत काही तुटक मुद्दे दिलेले असतात : गरीब लाकूडतोड्या, नदीकाठ, कुऱ्हाड पाण्यात पडणे, जलदेवतेचे प्रकट होणे. या मुद्द्यांवरून कथा लिहावयाची, तिला योग्य शीर्षक द्यावयाचे आणि शेवटी तात्पर्य सांगावयाचे, असे या प्रश्नाचे स्वरूप असते. विद्यार्थी मुद्द्यांमधल्या मोकळ्या जागा क्रियापदांनी भरतो, प्रामाणिकपणाचे महत्त्व सांगणारे एक वाक्य लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. बाह्यतः पाहता कथाखेळाला लागणारे सर्व काही येथे आहे. दिलेली सामग्री आहे, नियम आहे, वेळेचे बंधनही आहे. तरीही असंख्य उत्तरपत्रिकांतून लिहिली जाणारी ही कथा जवळजवळ एकच असते आणि ती लिहिताना कोणालाही काही नवे सापडत नाही.

आज अनेक विद्यापीठांच्या मराठी अभ्यासक्रमांत सर्जनशील लेखन हा घटक समाविष्ट झालेला आहे. त्यामुळे अध्यापकापुढे आणि नवोदित कथाकारापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. कथा लिहिण्याचा सराव करता येतो काय, आणि येत असल्यास तो शालेय कथालेखनाहून कोणत्या बाबतीत निराळा असावा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार काही कथाखेळांच्या रचनेच्या आधारे केला आहे. येथील प्रतिपादन थोडक्यात असे की, खेळात शब्द, पात्रे, घटनाक्रम, इतकेच नव्हे तर शेवटचे वाक्यही आधी ठरवून दिले तरी चालते. अर्थ तेवढा आधी ठरवून देता येत नाही. लाकूडतोड्याच्या कथेत नेमका तोच पहिल्यापासून ठरलेला असतो.

प्रतिभा आणि अभ्यास

लेखक जन्मावाच लागतो, हे मत मराठी वाङ्मयीन चर्चेत इतक्या वेळा मांडले गेले आहे की ते परंपरेचेच मत असावे असे वाटू लागते. वस्तुतः संस्कृत काव्यशास्त्राची भूमिका याहून बरीच व्यवहारी आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तीन गोष्टी काव्याच्या मुळाशी असल्याचे सांगितले, परंतु त्यांना ‘हेतू’ म्हणताना त्याने एकवचन वापरले आणि हे एकवचन हेतुपुरस्सर आहे, असा खुलासाही केला. तिन्ही मिळून एकच कारण होते. केवळ शक्तीवर विसंबणारा आणि केवळ सरावावर विसंबणारा, दोघेही त्याच्या दृष्टीने अपुरेच ठरतात.

अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र तर याहून पुढे गेला. त्याचा ‘कविकंठाभरण’ हा छोटेखानी ग्रंथ म्हणजे होतकरू कवीसाठी लिहिलेली सरावपुस्तिकाच आहे. अर्थाची चिंता न करता केवळ वृत्तात बसणारे शब्द जुळवणे, प्रसिद्ध श्लोकातील शब्द काढून त्या जागी दुसरे शब्द बसवणे, समस्या पूर्ण करणे असे पाठ त्यात आहेत. त्यांच्या जोडीला लोकव्यवहार पाहावा, लोकांचा शोक ऐकावा, अशा सूचनाही आहेत. मराठीच्या वर्गात काव्यशास्त्र म्हणजे रसचर्चा व अलंकारांची यादी असे समीकरण रूढ झाल्याने हा ग्रंथ बाजूला पडला, हे काहीसे खेदाचे आहे. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’तील चौसष्ट कलांच्या यादीतही काव्यसमस्यापूरण, प्रहेलिका आणि प्रतिमाला, म्हणजे अंत्याक्षरी, यांना स्थान आहे. शब्दांचे खेळ ही नागर जीवनातील शिकण्याजोगी कला मानली जात होती, एवढे यावरून स्पष्ट होते.

अर्थात हे सर्व पाठ प्रामुख्याने पद्यासाठी आहेत. कथेचे घटक निराळे असतात. तिला पात्र लागते, त्याला काहीतरी हवे असावे लागते आणि ते मिळण्यास विलंब व्हावा लागतो. गद्य कथेच्या अंगाने अशा सरावाचा विचार विसाव्या शतकात इटलीमध्ये एका बालसाहित्यिकाने ज्या नेटकेपणाने केला, तो येथे तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल.

दोन शब्दांमधील अंतर

ज्यान्नी रोदारी (१९२०–१९८०) हे तरुणपणी प्राथमिक शाळेत शिकवत. पुढे त्यांनी पत्रकारिता केली. १९७० साली त्यांना बालसाहित्यासाठीचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. मार्च १९७२ मध्ये रेज्जो एमिलिया या शहरात त्यांनी शिक्षकांपुढे काही दिवस कथारचनेच्या युक्त्या मांडल्या आणि त्यातूनच १९७३ साली ‘कल्पनेचे व्याकरण’ हे त्यांचे पुस्तक सिद्ध झाले. तर्काचे जसे शास्त्र आहे तसे कल्पनेचेही असावे, या नोव्हालिस या जर्मन कवीच्या विचाराने ते तरुणपणीच भारले गेले होते आणि अशा युक्त्यांची एक वही त्यांनी तेव्हापासून ठेवली होती.

या पुस्तकातील सर्वांत परिचित खेळ म्हणजे दोन शब्दांची जोडी. एकाने फळ्याच्या एका बाजूस एक शब्द लिहावा. दुसऱ्याने तो न पाहता दुसऱ्या बाजूस दुसरा लिहावा. रोदारींचे उदाहरण कुत्रा आणि कपाट यांचे आहे. एकटा ‘कुत्रा’ हा शब्द मनात फारशी खळबळ माजवत नाही. तो कपाटाशेजारी येताच दोघेही आपापल्या नेहमीच्या जागेवरून उठतात. मग त्यांना जोडणारी अव्यये बदलत जावयाची : कपाटातला कुत्रा, कपाटावरचा कुत्रा, कुत्र्याचे कपाट. प्रत्येक जोडणीत एका कथेची शक्यता असते.

हा खेळ मराठीत विशेष चांगला वठतो, कारण आपल्या भाषेत संबंध दाखविण्याचे काम विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये करतात आणि प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाला आपले रूप थोडे वाकवावे लागते. उदाहरणादाखल ‘रांजण’ आणि ‘तलाठी’ ही जोडी घेता येईल. ‘रांजणातला तलाठी’ ही जोडणी हास्यकथेकडे झुकते. ‘तलाठ्याचा रांजण’ मध्ये सत्तेच्या घरी पाणी आधी पोहोचते ही परिचित, म्हणून काहीशी निस्तेज कल्पना आहे. ‘रांजणापुरता तलाठी’, ‘तलाठ्यावाचून रांजण’ यांतून फारसे काही हाती लागत नाही. आणि मग ‘रांजणाचा तलाठी’ येथे लेखणी थबकते. जमिनीची नोंद ठेवणारा असतो, तसा रांजणांची नोंद ठेवणारा कोण? आठवड्यातून दोनदा टँकर येणाऱ्या वस्तीत कोणाच्या रांजणात किती हंडे पडले हे वहीत लिहून ठेवणारा एक निवृत्त गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. त्याला हे काम कोणी दिलेले नाही, पण भांडण झाले की त्याची वही काढली जाते. येथून एकच प्रश्न विचारावयाचा उरतो : या वहीत तो पहिली खोटी नोंद कधी करतो आणि कोणासाठी?

लेखकाला हाच विषय ‘पाणीटंचाई’ या शीर्षकाखाली दिला असता तर काय झाले असते, याची कल्पना सहज करता येते. भेगाळलेली जमीन, डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका आणि शासनाच्या उदासीनतेवर एक परिच्छेद, असा निबंध तयार झाला असता. विषय दिला की त्याविषयीची तयार मते आधी धावून येतात. शब्दांच्या जोडीविषयी मात्र कोणाचेच मत तयार नसते. खेळाचे खरे काम हे आहे. तो लेखकाला कल्पना पुरवत नाही. मतांना थोडा वेळ दाराबाहेर थांबवतो.

जोडीतील अंतराला महत्त्व आहे. ‘तलाठी’ आणि ‘सातबारा’ ही जोडी निरुपयोगी, कारण तेथे सवयच बोलू लागते. ‘तलाठी’ आणि ‘अनंत’ हीदेखील निरुपयोगी, कारण अनंताला हात लावता येत नाही. दोन्ही शब्द वस्तूंचे, माणसांचे किंवा जागांचे असावेत आणि ते एका खोलीत सहसा न सापडणारे असावेत, एवढे पथ्य पुरेसे आहे.

रोदारींचा दुसरा एक खेळ ओळखीच्या कथेत परका शब्द सोडण्याचा आहे. मुलगी, रान, फुले, लांडगा, आजी हे शब्द दिले की लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट सर्वांना आठवते. त्यांच्या शेवटी ‘हेलिकॉप्टर’ हा शब्द जोडला की ती आठवण मोडते आणि कथा नव्याने रचावी लागते. मराठीत चिमणी आणि कावळ्याची गोष्ट या कामासाठी जणू बेतलेली आहे. पाऊस, शेणाचे घर, मेणाचे घर, बंद दार, बाळ, या शब्दांत ‘भाडेकरार’ एवढा एक शब्द टाकावा. दाराबाहेर भिजणारा कावळा आणि आत बाळाची निमित्ते सांगणारी चिमणी यांच्यातील तोच जुना संवाद एकाएकी घर कोणाचे या प्रश्नाभोवती फिरू लागतो. चिमणीच्या लांबणीला नवा हेतू मिळतो. लहानपणी ती प्रेमळ आई वाटली होती की कठोर शेजारीण, याचाही निवाडा नव्याने करावा लागतो.

सारे काही ठरलेले, अर्थ तेवढा मोकळा

समस्यापूर्तीच्या खेळात शेवटचा चरण आधीच दिलेला असतो. म्हणजे शेवट ठरलेला असतो. मग शालेय कथालेखन आणि समस्यापूर्ती यांत फरक कोणता, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. भोज आणि कालिदास यांच्याविषयी रूढ असलेल्या आख्यायिकांतील एक प्रसिद्ध समस्या या शंकेचे निरसन करते. भोज आणि कालिदास हे समकालीन नव्हते, त्यामुळे या आख्यायिकांना इतिहास म्हणता येत नाही. मात्र खेळाचा नमुना म्हणून त्या अव्वल आहेत. कवीला जो चरण दिला जातो त्यात अर्थाचा लवलेशही नाही. तो केवळ ‘ठ’काराच्या आवाजांचा बनलेला आहे. कालिदासाच्या नावावर असलेली पूर्ती अशी की, राजाच्या अभिषेकप्रसंगी एका भान हरपलेल्या तरुणीच्या हातून सोन्याचा घडा सुटतो आणि जिन्याच्या पायऱ्यांवरून गडगडत जातो. तो आवाज म्हणजे हा चरण. आवाज दिलेला होता. जिना, घडा, तरुणी आणि तिचे भान हरपणे हे सर्व कवीने आणले. शेवटचे शब्द ठरलेले असूनही त्यांचा अर्थ कोणालाही, अगदी समस्या घालणाऱ्यालाही, ठाऊक नव्हता. लाकूडतोड्याच्या कथेत याच्या नेमके उलट घडते. तेथे शब्द विद्यार्थ्याचे असतात आणि अर्थ परीक्षकाचा.

गद्य लेखकासाठी याचे रूपांतर सोपे आहे. एखादे विचित्र, संदर्भहीन वाक्य – बाजारात कानावर पडलेले, एसटीत मागच्या आसनावरून ऐकू आलेले – हे कथेचे शेवटचे वाक्य म्हणून घ्यावे आणि तिथवर पोहोचणारी दोन पाने लिहावीत. अट एवढीच की शेवटी येताना त्या वाक्याचा अर्थ आरंभी वाटला होता त्याहून वेगळा झालेला असावा.

विलंबाचा खेळ मात्र शोधण्यासाठी राजदरबारी जाण्याचे कारण नाही. नवरात्रात पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरणाऱ्या मुली भोंडल्यात, म्हणजेच हादग्यात, कारल्याच्या वेलाचे जे गाणे म्हणतात, त्याची रचना कथाकाराने अभ्यासण्यासारखी आहे. सुनेला माहेरी जावयाचे आहे. सासू नाही म्हणत नाही. ती आधी वेल लावण्यास सांगते. वेल लावला जातो; मग तो उगवावा लागतो, त्याला फूल यावे लागते, कारले लागावे लागते, त्याची भाजी व्हावी लागते. प्रत्येक कडव्यात एक अट पुरी होते आणि माहेर तेवढेच दूर राहते. या गाण्यात भांडण नाही, आक्रोश नाही, सासूच्या स्वभावाचे वर्णन नाही. तरीही घरातील सत्तेची संपूर्ण व्यवस्था ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते. अडथळा हा परवानगीच्या रूपात समोर आल्यामुळे तो ओलांडता येत नाही, हे या रचनेचे मर्म आहे. अनेक नवोदित कथांत संघर्ष म्हणजे चढा आवाज असे समजले जाते. त्यांच्या लेखकांनी हे गाणे एकदा गाणे म्हणून नव्हे तर आराखडा म्हणून वाचावे.

त्यावरून तयार होणारा खेळ दोघांनी खेळावयाचा. एकाचे पात्र काहीतरी मागते. दुसऱ्याचे पात्र नकार हा शब्द न वापरता ते लांबवते. प्रत्येक सबब त्याच जागेतील वस्तूंतून निघाली पाहिजे. कार्यालय असेल तर शिक्का, फाईल, जेवणाची सुट्टी. स्वयंपाकघर असेल तर कुकरची शिट्टी आणि उतू जाणारे दूध. सहाव्या-सातव्या फेरीनंतर सबबी संपत येतात आणि लांबवणाऱ्या पात्राला खऱ्या कारणाच्या जवळपासचे काहीतरी बोलावे लागते. तो क्षण लिहून ठेवण्याजोगा असतो. त्याआधीचा मजकूर बहुधा टाकून देता येतो.

वेताळपंचविशीचा साचाही याच जातीचा आहे. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तही समाविष्ट असलेल्या या कथामालेत वेताळ राजाला गोष्ट सांगतो आणि प्रश्नाशी येऊन थांबतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर मस्तक शतशः फुटणार; उत्तर दिले तर प्रेत पुन्हा झाडावर जाणार. ज्या कथेवरील प्रश्नाला राजाकडे उत्तर नसते तेथे ही साखळी थांबते. म्हणजे उत्तर सापडते तोवर फेऱ्या चालू राहतात आणि अनुत्तरित प्रश्नाशी कथा पूर्ण होते. गटात खेळताना सांगणाऱ्याने पेचाशी थांबावे, श्रोत्यांनी उत्तरे द्यावीत आणि जे उत्तर सर्वांना पटकन सुचले तेच वर्ज्य मानून कथा पुढे न्यावी.

निषिद्ध शब्द

१९६० साली फ्रान्समध्ये रेमों क्नो आणि फ्रांस्वा ल लिओने यांनी ‘उलिपो’ या मंडळाची स्थापना केली. स्वतःवर कडक बंधन घालून लिहिणे हा या मंडळाचा छंद. त्यातील जॉर्ज पेरेक यांनी १९६९ साली सुमारे तीनशे पानांची एक कादंबरी प्रसिद्ध केली, जिच्यात फ्रेंच भाषेत सर्वाधिक वापरले जाणारे ‘ई’ हे अक्षर एकदाही आलेले नाही. तिचे नावच ‘बेपत्ता होणे’ अशा अर्थाचे आहे. वरकरणी ही निव्वळ कसरत वाटते. पण फ्रेंचमध्ये वडील, आई, आईवडील, कुटुंब यांपैकी कोणताही शब्द त्या अक्षरावाचून लिहिता येत नाही. पेरेक यांचे स्वतःचे नावही नाही. त्यांचे वडील १९४० मध्ये युद्धात मरण पावले होते आणि आईला १९४३ मध्ये आउशवित्झला नेण्यात आले होते. तिच्याविषयी शासनाने पुढे जो दाखला दिला तो मृत्यूचा नव्हे, बेपत्ता झाल्याचा होता. जे शब्द लेखकाला बालपणापासून मिळाले नाहीत, ते वापरण्यास त्याने आपल्या कादंबरीलाच बंदी केली. कादंबरीत हे दुःख कोठेही बोलून दाखवलेले नाही आणि तसे करण्याची सोयही त्याने स्वतःला ठेवली नाही.

बंधनातून असे काही घडते, याचे नवल मराठी वाचकाला फार वाटू नये. पत्नीने पतीचे नाव उच्चारू नये हा आपल्याकडील जुना संकेत. आणि त्याच संकेताच्या पोटी उखाण्याचा खेळ जन्मला. लग्नात, मंगळागौरीत नाव घेण्याचा आग्रह होतो आणि जे एरवी उच्चारता येत नाही ते यमकाच्या आडोशाने उच्चारले जाते. नावाआधी कोणत्या वस्तू आणावयाच्या, किती वळणे घ्यावयाची, हे मात्र बोलणारीच्या हाती असते. कौतुक नावाचे नसते. ते वाटेचे असते. उखाणा या शब्दाचा दुसरा अर्थ कोडे असा आहे, हेही येथे सूचक आहे. संकेत अन्यायाचा होता, हे मान्य करूनही त्याच्या सावलीत बायकांनी घडवलेल्या युक्तीकडे लेखकाने दुर्लक्ष करण्याचे कारण नाही.

कथाकारासाठी ‘पात्राचा उखाणा’ असा सराव यातून करता येतो. आपल्या कथेतील पात्राला कोणते एक नाव उच्चारणे जड जाते ते ठरवावे. ते मृत भावाचे असेल, विकलेल्या शेताचे असेल, सोडलेल्या गावाचे असेल. त्या पात्राच्या तोंडी आठ-दहा वाक्ये घालावीत, ज्यांना शेवटी त्या नावापर्यंत पोहोचायचे आहे, पण सरळ वाटेने जायचे नाही. जो लेखक पात्राच्या दुःखाचे वर्णन तीन पाने करत असतो, त्याला येथे ते दुःख वस्तूंच्या हवाली करावे लागते. याच जातीचा आणखी एक सराव म्हणजे घरातील प्रसंग नात्याचा एकही शब्द न वापरता लिहिणे. मराठीत तू, तुम्ही, अहो, अगं यांतूनच नाते इतके उघड होते की आई, वहिनी, सासरे हे शब्द काढून टाकले तरी वाचक चुकत नाही. उलट कोणी कोणाला कधी ‘अहो’चे ‘अरे’ केले हे ठळकपणे दिसू लागते.

साखळी कथा का फसते

लेखन कार्यशाळांत सर्वाधिक खेळला जाणारा आणि सर्वांत कमी फळ देणारा खेळ म्हणजे साखळी कथा. प्रत्येकाने एकेक वाक्य जोडावयाचे. तिसऱ्या वाक्यात खून होतो, पाचव्यात परग्रहावरचे यान येते, आठव्यात सारे स्वप्न होते असे कळते. हशा भरपूर होतो. कथा होत नाही. पॅरिसमधील अतिवास्तववाद्यांनी १९२५ च्या सुमारास कागदाच्या घड्या घालून असाच एक खेळ सुरू केला होता; पण त्यांना विसंगतच प्रतिमा हव्या होत्या. कथाकाराची गरज ती नाही.

या अपयशाचे कारण कीथ जॉन्स्टन या ब्रिटिश नाट्यशिक्षकाने ‘इम्प्रो’ (१९७९) या पुस्तकात चांगले उलगडले आहे. उत्स्फूर्त कथा सांगणाऱ्याने पाठमोरे चालणाऱ्या माणसासारखे असावे, असे त्यांचे म्हणणे. पुढे काय येणार हे त्याला दिसत नाही, पण मागे काय राहिले ते दिसते आणि त्यातीलच वस्तू तो पुन्हा कथेत आणतो. साखळी कथेतील प्रत्येक खेळाडू मात्र पुढे पाहत असतो आणि आधीच्यापेक्षा मोठा धक्का देऊ इच्छितो. मागचे कोणाचेच नसते. म्हणून नियम बदलावा. पहिल्या चार वाक्यांनंतर नवे पात्र, नवी जागा, नवी वस्तू आणण्यास मनाई करावी. त्यापुढील प्रत्येक वाक्याने आधी आलेले काहीतरी परत आणावे. पहिल्या वाक्यातील फुटलेली कपबशी नवव्या वाक्यात परतली की बसलेल्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते, ते कथानक या शब्दाच्या कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक शिकवून जाते.

आणखी एक पथ्य. मोठ्याने खेळलेल्या खेळांत हजरजबाबी विद्यार्थी पुढे जातात आणि मंद गतीने विचार करणारे मागे पडतात. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात शाहिराला तत्काळ उत्तर सुचणे हीच कसोटी असते. कथाकाराची कसोटी ती नाही. म्हणून प्रत्येकाने प्रथम दहा मिनिटे गप्प राहून लिहावे आणि मगच वाचून दाखवावे.

खेळ संपल्यानंतर

खेळातून हाती येते ते बीज. त्याचे पुढे काय होते, हे जून १८१६ मध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या व्हिला दियोदाती या घरात झालेल्या खेळावरून पाहता येते. आदल्या वर्षी इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाल्याने युरोपात त्या वर्षी उन्हाळा असा झालाच नाही. पावसामुळे घरात अडकलेली मंडळी जर्मन भुताच्या गोष्टींचे फ्रेंच भाषांतर वाचत बसली आणि लॉर्ड बायरन यांनी प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहावी असे सुचवले.

चौघांच्या वाट्याला चार निरनिराळे निकाल आले. बायरन यांनी काही पाने लिहून सोडून दिली. पर्सी शेली यांनी आरंभ केला, पण ते रमले नाहीत. बायरन यांचे डॉक्टर जॉन पॉलिडोरी यांनी बायरन यांच्याच अर्धवट तुकड्याचा धागा उचलून एक रक्तपिपासू सरदार रंगवला. ती कथा १८१९ साली छापली गेली तेव्हा तिच्यावर नाव बायरन यांचे होते. खेळातील कल्पना कोणाच्या मालकीची, हा वाद त्यामुळे किती जुना आहे हेही दिसते. कार्यशाळा चालवणाऱ्यांनी हा प्रश्न खेळाआधीच सहभागींशी बोलून घेतलेला बरा.

चौथी अठरा वर्षांची मेरी. तिने पुढे लिहिले आहे की, तिला रोज सकाळी गोष्ट सुचली का असे विचारले जाई आणि रोज नाही म्हणावे लागे. अखेर एका रात्री तिला एक दृश्य दिसले : स्वतः घडवलेल्या देहात हालचाल झालेली पाहून घाबरलेला विद्यार्थी. तिने तेवढेच लिहावयास घेतले. छोटी कथा होईल अशी तिची अपेक्षा होती. आज ‘फ्रँकेन्स्टाइन’ उघडले तर हे दृश्य आरंभी सापडत नाही. ते बरीच प्रकरणे उलटल्यावर येते. त्याच्या आधी या विद्यार्थ्याचे बालपण, त्याचे घर, त्याची विद्येची हाव हे सर्व रचावे लागले. ही कथा कोण कोणास सांगतो याची सोय करण्यासाठी उत्तर ध्रुवाकडे निघालेला एक दर्यावर्दी आणि त्याची बहिणीला लिहिलेली पत्रे आणावी लागली. घडवलेल्या जिवाला बोलता यावे आणि त्याची बाजू ऐकली जावी, ही गोष्ट तर भुताच्या गोष्टीच्या नियमात कोठेच नव्हती. खेळाने दृश्य दिले होते. त्या दृश्याचा अर्थ शोधण्यास सुमारे दहा महिने लागले.

हा पुढचा टप्पा एकट्याने करावयाचा असतो, तरी त्यात श्रोत्याला जागा आहे. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी आपल्या कथा गावोगाव जाऊन सांगितल्या, तेव्हा मराठी कथेला समोर बसलेला श्रोता मिळाला. छापील पान कंटाळलेल्या वाचकाची चुळबुळ लेखकापर्यंत पोहोचवत नाही. सतरंजीवरचा श्रोता पोहोचवतो. खर्डा तयार झाल्यावर तो वाचून न दाखवता बंद करून सांगून पाहावा. सांगताना जे आपोआप गळते ते बहुधा अनावश्यक असते आणि जे सांगताना नव्याने सुचते ते खर्ड्यात राहून गेलेले असते.

खेळातच अडकून पडण्याचा धोकाही आहे. इतालो काल्व्हिनो यांनी टॅरोच्या पत्त्यांवरून कथा रचण्याचा जो प्रयोग केला, त्याचा दुसरा भाग जुळवताना ते पुन्हापुन्हा पत्ते मांडत राहिले आणि त्यातून सुटका व्हावी म्हणूनच आपण १९७३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले, अशी कबुली त्यांनी पुस्तकाच्या टिपेत दिली आहे. पत्त्यांच्या मांडणीला अंत नसतो. कथेला तो शोधावा लागतो.

मेरी शेली यांची हस्तलिखिते आज उपलब्ध आहेत. त्यांत पर्सी शेली यांनी जागोजागी केलेल्या दुरुस्त्या दिसतात. कादंबरी १ जानेवारी १८१८ रोजी तीन खंडांत, लेखिकेच्या नावाशिवाय, प्रसिद्ध झाली. १८२३ च्या आवृत्तीवर तिचे नाव आले. आणि १८३१ साली, खेळ सुचवणारे बायरन, पॉलिडोरी आणि पर्सी शेली या तिघांचेही निधन झालेले असताना, तिने त्या पावसाळी उन्हाळ्याची हकिकत सांगणारी प्रस्तावना लिहिली आणि कादंबरीचा मजकूर पुन्हा एकदा दुरुस्त केला.